उम्या, त्या रात्री मी जेवलो

कोल्हापूर,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

प्रिय उम्या,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. तुझा भाचा शुक्रवारी दोह्याला निघालाय, काकूंनी त्याच्या बॅगेत दोन किलो कांदा-लसूण मसाला कोंबलाय, त्याच पिशवीत हे पाकीट सारतोय. उघडताना शिंका आल्या तर मला शिव्या घालू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तिथं तू एवढं लांबडं वाचत नाहीस, अंगठा दाखवून मोकळा होतोस. आणि खरं सांगायचं तर त्या खिडकीत आपलं शेवटचं धड बोलणं गेल्या वर्षीच्या 11 जूनचं आहे. त्यावर दोन दिवाळ्या आणि एक पाडवा चढून बसलेत, तरी बोटानं वर सरकवलं की अजून तिथंच आहे. माझं वाक्य. ‘कतारचं मीठ खाल्लंस, मग हे बोलणारच तू.’ आणि त्याखाली तुझं एकच, ‘बरं.’

तू शिवी दिली असतीस तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला असता. ‘बरं’ला काय उत्तर द्यायचं, सांग?

तब्येतीचं म्हणशील तर शुगर आहे तिथंच आहे, गुडघा जिना चढताना वाजतो. झालं.

आता मुद्द्याचं. मंगळवारी ढाक्यात, आशिया कप फुटबॉलच्या पात्रता फेरीत, आपण बांगलादेशकडून हरलो. 1-0. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते तुला कळलं असेलच. तुला माहीत नाही ते पुढचं. मी जेवलो.

हसलास ना? मला वाटलंच. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखंही नाही. बंड्या मास्तरला सांगितलं तर तो म्हणतो, “वयानं अक्कल आली.” हिला काय विचारणार, तिला तर बरंच वाटलं. म्हणून तुझ्या डोक्याशी आलो.

तुला आठवतं, 2019 ला शारजात बहरीनशी बरोबरी केली असती तरी आपण आशिया कपात पुढं गेलो असतो, आणि शेवटच्या घटकेला पेनल्टी देऊन बसलो? दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. हिनं गुळाच्या पोळ्या केलेल्या, वर तूप, आणि मी ताटाकडं पाठ करून बसलेलो. आई म्हणाली, “कुणी गेलंय का?” तू तेव्हा सुट्टीवर आलेलास. माझ्या वाटणीच्या तीन पोळ्या तू हाणल्यास आणि वर मला समजावत होतास. तर असा मी.

मंगळवारी साडेसातची मॅच. वर्कशॉप सातलाच बंद केलं, लेथवरचं काम अर्धवट सोडून आलो. मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवला. ही तव्यापाशी. तिनं विचारलं, “आज कोण?” मी म्हटलं, “बांगलादेश.” तिनं पिठाच्या डब्यात हात घातला, जरा थांबली आणि सहाच भाकऱ्यांचं पीठ काढलं. एरवी आठ होतात. मालदीव असलं की आठ करते, नेपाळला आठ, इराण-ऑस्ट्रेलिया असलं की सहा. बांगलादेशला आजवर कायम आठ व्हायच्या. उम्या, टपरीवर बसून बडबडणाऱ्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्या तव्याला जास्त कळतं.

अकराव्या-बाराव्या मिनिटाला डावीकडनं तो राकिब सुटला, आत बॉल दिला आणि मोरसालिननं घातला. मी ‘अरे’ म्हणालो. एवढंच, ‘अरे’. पुढं त्यांचा कीपर जागा सोडून बाहेर आलेला, आपल्या छांगतेनं उचलून मारला, जाळं रिकामं, आणि हमझा चौधरीनं डोक्यानं बाहेर काढला. एरवी मी बरणी फोडली असती. मॅच संपली. मोबाइल पुसून खिशात ठेवला आणि म्हणालो, “वाढ.”

ही बघतच राहिली. मग गुपचूप परात ओढून पुन्हा दोन भाकऱ्यांचं पीठ मळलं. मेथी होती, खर्डा होता. दोन्ही संपवल्या, वर ताक प्यायलो. ओम्या समोर बसलेला. पंधराचा झालाय तो आता, मिशी फुटलीय. तो म्हणाला, “पप्पा, तुम्ही बरे आहात ना?”

रात्री झोपही लागली लेका. तीच तर काळजी आहे.

मी पाच दिवस स्वतःला सांगतोय की मॅचला काही अर्थ नव्हता, दोघंही आधीच बाद झालेले. आपण बाद झालो ते 14 ऑक्टोबरला मडगावात, सिंगापूरसमोर. तिथं मी होतो. पवार वायरमनच्या गाडीतनं आंबोली उतरून गेलो, ओम्याला शाळा बुडवून नेलं. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर छांगतेनं लांबनं जो गोल मारला ना, तो जाळ्यात जायच्या आधी मी उभा होतो. ओम्या माझ्या गळ्यात. मग हाफटाइमच्या तोंडावर एक, हाफटाइमनंतर एक, दोन्ही त्या साँगनं मारले. परत येताना सावंतवाडीला सगळे जेवायला उतरले, मी गाडीतच बसून राहिलो. पवारनं चहा आणून दिला तोही काचेतनं. तेव्हा दुखलं होतं. महिनाभरात कुठं गेलं ते दुखणं?

टपरीवर बुधवारी सकाळी संसद भरली. तुझी जागा अजून तशीच आहे, म्हणजे त्या बाकड्याचा मोडका कोपरा. मास्तर म्हणतो, सगळा दोष कोचांचा. स्टिमॅक जाताना शिव्या देऊन गेला, मार्केझ एका हातात एफसी गोवा आणि दुसऱ्या हातात देश घेऊन बसला आणि हाँगकाँगकडून हरल्यावर महिनाभरात दुसरा हात झटकून गेला, आता खालिद जमील. मी म्हटलं, खालिदला काही बोलायचं नाही. तेरा वर्षांनी आपला माणूस बाकावर बसलाय, आयझॉलसारख्या संघाला आय-लीग जिंकून दिलेला गडी आहे, सप्टेंबरात ओमानला पेनल्टीवर हरवून आला. पवार म्हणतो, दोष क्लबांचा. सगळे क्लब पुढं परदेशी स्ट्रायकर उभा करतात, मग आपल्या पोरानं नऊ नंबर खेळायला शिकायचं कुठं? ह्यावर मी गप्प बसलो, कारण ते खरं आहे. छेत्री निवृत्त होतो, नऊ महिन्यांत त्याला चाळिशीत परत बोलावतात, आणि तो येऊन मालदीवला गोल मारतो. एकशेचाळीस कोटींत दुसरा सापडला नाही ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कशाला पाहिजे? ह्या पात्रता फेरीत पाच मॅच, दोन गोल, दोन पॉइंट. आपल्या पेठेच्या बी टीमचं रेकॉर्ड बरं होतं, आणि तिच्यात पेनल्टी घ्यायला तू होतास. (तो बार अजून हलतोय म्हणतात.)

मग गाडी आली बाहेरच्या खेळाडूंवर. बांगलादेशकडं हमझा आहे, इंग्लंडात वाढलेला, मग आपण का नाही? आपल्याकडं दुसरा पासपोर्ट सोडल्याशिवाय इंडियाची जर्सी नाही. तो रायन विल्यम्स बघ, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आला, आई मुंबईची, आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. ढाक्याला नेलाही त्याला, पण कागद वेळेत आले नाहीत म्हणून खेळवता आला नाही. कागद! आपला फुटबॉल गोलपोस्टात नाही रे, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये हरतो. 2022 ला फिफानं आपल्याला बाद केलं तेही मैदानात नव्हे. बाहेरच्यांची लुडबूड म्हणून अकरा दिवस आपण जगाच्या फुटबॉलात नव्हतोच. आता 8 डिसेंबरला लीगचा करार संपतोय, निविदा काढली तर कुणी भरली नाही, हंगामाचा पत्ता नाही. देशाची लीग बंद आणि आपल्या पेठांच्या तालमी सरावाला लागलेल्या. शाहू स्टेडियमवर बघ, पुढच्या महिन्यात पाय ठेवायला जागा मिळणार नाही.

आणि मग ठरल्याप्रमाणं कुणीतरी 1950 काढलंच.

पोरगं होतं एक, मास्तरच्या क्लासमधलं. म्हणालं, “आपण अनवाणी खेळायचो म्हणून वर्ल्ड कपला घेतलं नाही ना?” आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. का बघितलं ते तुला ठाऊक आहे.

उम्या, त्या रात्री तू आमच्या सोप्यावर आप्पांच्या तोंडावर म्हणालास की हे खोटं आहे, तेव्हा मी तुझी कॉलर धरली होती. आप्पा चाळीस वर्षं तेच सांगत आलेले. आपली पोरं अनवाणी, गोऱ्यांना भीती, म्हणून नियम काढला. आणि तू, बारावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला माणूस, वकिलासारखा सुरू. 48 ला लंडनला फ्रान्सशी आपण बहुतेक अनवाणीच खेळलो, 2-1 हरलो, दोन पेनल्टी घालवून. 52 ला हेलसिंकीत पुन्हा बरेचसे अनवाणी, युगोस्लाव्हियाकडून दहा खाल्ले, आणि त्यानंतर आपल्याच लोकांनी बूट सक्तीचे केले. मग मधेच 50 ला बुटांचा अडसर कुठनं आला? ब्राझीलवाले तर प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होते. गट पण ठरलेला, इटली, स्वीडन, पॅराग्वे. आपल्या फेडरेशनलाच ऑलिंपिकपुढं वर्ल्ड कप म्हणजे काय चीज आहे ते कळलं नाही, संघनिवडीवर एकमत नाही, सरावाला वेळ नाही, म्हणून आपणच गेलो नाही. कॅप्टन म्हणून गेला असता त्या शैलेन मन्नांनीच पुढं सांगितलं की बुटांचं कारण नव्हतं.

आप्पा काही बोलले नाहीत. उठून आत गेले. मला वाटलं तू त्यांचा अपमान केलास. ते गेल्यावर ट्रंकेत कात्रणं सापडली, त्यात ते मन्नांचंही होतं, घडी घालून, पेन्सिलनं खूण केलेलं. म्हणजे त्यांना माहीत होतं! तू सांगायच्या आधीपासून का नंतर, देव जाणे. पण माहीत असूनही ते शेवटपर्यंत अनवाणीच सांगत राहिले. हे मी तुला आजवर सांगितलं नाही. का ते विचारू नकोस. तू जिंकला असतास म्हणून.

तर त्या पोराला मी काय सांगितलं असेल? मी म्हणालो, “नाही बाळा, आपण गेलोच नाही.” मास्तरनं कप खाली ठेवला. टपरीवाल्यानं स्टोव्हचा आवाज कमी केला, शपथ. आणि मग मी 56 चा मेलबर्न सांगितला, नेव्हिल डिसूझा, मुंबईला खेळणारा, ऑस्ट्रेलियाला तीन घातले, ऑलिंपिकात हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई, आपण चौथे. 60 ला रोममध्ये फ्रान्सशी 1-1. आणि 62 चं जकार्ता, एशियाडची फायनल. तुला माहितीय मी जकार्ता सुरू केलं की थांबत नाही. सगळं स्टेडियम आपल्याविरुद्ध, इस्रायल आणि तैवानला बोलावलं नाही ह्यावरून ऑलिंपिक कमिटीवरच्या आपल्या सोंधींनी तोंड उघडलं म्हणून. डिफेंडर जर्नेलच्या डोक्याला टाके पडलेले, तर कोच रहीमसाहेबांनी त्याला पुढं स्ट्रायकर म्हणून काढला. पीके बॅनर्जीचा एक, जर्नेलचा एक, कोरियाला 2-1. कॅन्सर झालेला तो कोच पुढच्याच वर्षी गेला. माझ्या अंगावर काटा आला सांगताना. हात बघितला मी, खरंच आला होता.

ते पोरगं ऐकून घेतलं सगळं आणि म्हणालं, “तुम्ही बघितली ती मॅच?”

मी 73 चा, उम्या.

हेच अडकलंय घशात. ज्या मॅचला माझा जन्म नव्हता तिच्यावर काटा येतो, आणि डोळ्यांसमोर हरले त्या मॅचनंतर भाकरी गोड लागते. म्हणजे मी इतकी वर्षं कुणासाठी उपाशी राहत होतो? ह्या टीमसाठी, का आप्पांच्या टीमसाठी? तू नेहमी म्हणायचास की जुनं सोनं गहाण ठेवून आपण चहा पितो. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, सोनं तरी आपलं होतं का?

आणि खरी गोष्ट ओम्याची. तो गांधी मैदानावर सकाळी साडेपाचला जातो, डावीकडनं खेळतो, पाय तुझ्यासारखा, डोकं नशिबानं तुझ्यासारखं नाही. गुरुवारी स्टडचा तळ उचकटला म्हणून मी आरीनं टाके घालत बसलेलो. तो शेजारी. सहज विचारलं, “इंडियाकडनं खेळायचंय ना?” तो म्हणाला, “पेठेकडनं खेळणार.” मी म्हटलं, “आणि मग?” तो म्हणाला, “मग काय?” त्याला मधला जिनाच दिसत नाही रे. आपल्याला दिसायचा का? नव्हताच तेव्हाही, पण आपण बघत होतो. 2017 ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला तेव्हा हाच ओम्या सात वर्षांचा होता, माझ्या खांद्यावर बसून टपरीच्या टीव्हीवर बघत होता. कोलंबियाला जॅक्सननं हेडरनं घातला, आपला वर्ल्ड कपातला पहिला गोल, सगळी गल्ली रस्त्यावर, आणि मिनिटभरात त्यांनी परत घातला, निम्मे लोक नाचतच होते. त्याला ते आठवत नाही म्हणतो. आता तुझ्याकडं कतारात तोच वर्ल्ड कप चालू आहे, अठ्ठेचाळीस देश, आपण नाही. बघायला जातोस की नाही? मला सांग गर्दी कशी असते ते.

माझी भीती ही की पोरानं हे माझ्याकडनंच उचललं असेल. मी जेवलो ते त्यानं बघितलं.

आता 11 जून. टाळत टाळत आलो इथवर. दोह्यात कतारशी वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीची मॅच, तू त्या गोलच्या मागं बसलेलास, व्हिडिओ कॉल चालू, 1-0 नं आपण पुढं, जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीत. आपला कीपर गुरप्रीत जमिनीवर, बॉल रेघेबाहेर, त्यांनी टाचेनं आत ओढला आणि त्या आयमननं घातला. रेफ्रीनं दिला. व्हिडिओवर तपासणारा व्हीएआर नाही. माझी इकडं टीव्हीवर आदळआपट आणि तू थंड आवाजात म्हणतोस, “बाहेर होता. पण मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडनं हरलो तेव्हाच आपण मेलो होतो.” त्याच वेळी बोलायचं होतं ते? मेलेल्याच्या घरी जाऊन त्याची उधारी काढावी तसं. म्हणून मी ते मीठ काढलं. चुकलं. तुझं बरोबर होतं, गुवाहाटीतच मेलो होतो. पण उम्या, बॉल बाहेर होता, हे तूच पहिल्यांदा म्हणालेलास आणि मी ते ऐकलंच नाही. दीड वर्षानं ऐकू आलं.

मास्तर परवा म्हणाला, अन्याय झाला तो एक दिवस बरा होता, तेव्हा निदान आपण इतके जवळ होतो की लुटावं असं कुणाला वाटलं. मास्तर कधीकधी बरा बोलतो. फार नाही.

तुझं काय चाललंय? वहिनींना तिथं शाळेत घेतलं असं काकू म्हणाल्या, अभिनंदन सांग. चिन्मयीचा निकाल कळला, पोरगी बापावर गेली नाही हे देवाचे उपकार. काकूंचा मोतीबिंदू डिसेंबरात करायचा म्हणतात, मी घेऊन जाईन, तू तिकीट काढायची घाई करू नकोस. घराच्या मागच्या भिंतीला ओल आलीय, गवंडी दाखवलाय, पैशाचं नंतर बोलू. ते 93 चे पाचशे रुपये त्यातनं वळते करून घेतो.

एक सांगायचं राहिलं. 31 मार्चला हाँगकाँगशी शेवटची मॅच आहे, आपल्या घरी. काही अर्थ नाही तिला, शून्य. सुट्टी मिळत असेल तर बघ. मी ओम्याला घेऊन जायचं म्हणतोय, पवारची गाडी आहेच. आत्ता हे लिहिताना ही मागनं वाचत होती. विचारतेय, त्या दिवशी घरी असलात तर सहा का आठ?

मी काही सांगितलं नाही तिला अजून.

तुझा,
बाळ्या

ता. क. भाच्याला विमानतळावर अडवलं तर मसाला काकूंचा आहे, पत्राशी त्याचा संबंध नाही असं सांगायला सांग. आणि दोन बोटं करून एक फोटो पाठव, बॉल रेघेच्या किती बाहेर होता ते. मास्तर म्हणतो वीतभर, मी म्हणतो चार बोटं. तू बघितलायस.